गार बी

सातवा महिना लागला आणि सुनेचे पाय सुजायला लागले. दिवसभर बियाणे केंद्राच्या शेतात वाकून तण उपटायचं, घरी येऊन भांडी घासायची, पाणी भरायचं. मग बोटाने दाबलं की खळगा तसाच राहायचा, ओल्या मातीत राहावा तसा. सासू रोज संध्याकाळी तेलाची वाटी घेऊन तिच्यापाशी बसायची. आधी पाय, मग कंबर, शेवटी पोट. बाई तोंडाची फटकळ. तेल चोळताना गावभरातल्या माणसांची सालं काढायची आणि सून डोळे मिटून हसत पडून राहायची.

त्या संध्याकाळी सासू केंद्रातल्या कारकुनाच्या नव्या बुटांवर घसरली होती. "एवढे कुरकुरतात, एवढे कुरकुरतात, की मेला दोन शेतं पलीकडे असला तरी–"

आणि ती गप्प झाली. तिचा तळहात सुनेच्या बेंबीखाली टेकलेला होता. क्षणभर तो तिथेच राहिला. मग तिने हात उचलला, वाटी उचलली आणि "तेल संपलं" म्हणाली.

वाटीत तेल होतं.

दुसऱ्या दिवशी तिने पाय चोळले, कंबर चोळली. पोटाला हात लावला नाही. त्यानंतर कधीच लावला नाही. सुनेला वाटलं, महिने भरत आले की असंच करत असतील. विचारायचं तिच्या मनात यायचं आणि राहून जायचं.

हे घर म्हणजे बियाणे संशोधन केंद्राच्या ट्रॅक्टर शेडमागच्या दोन खोल्या. नवरा केंद्राचा ट्रॅक्टर चालवायचा. सासू आणि सून रोजावर. केंद्राच्या शेतात सारख्या मापाचे वाफे आखलेले होते, प्रत्येक वाफ्याच्या तोंडाशी नंबराची पाटी. कुठल्या वाफ्यात कुठलं बी जायचं हे चष्मेवाला साहेब चिठ्ठ्या काढून ठरवायचा. याची सासूला फार गंमत वाटायची. "एवढं शिकून शेवटी चिठ्ठ्याच काढायच्या, तर मी काय वाईट होते?" ती त्याच्या तोंडावर म्हणायची आणि साहेबही हसायचा. हाडकुळा, उन्हाने सोललेल्या नाकाचा माणूस. मजुरांच्या बरोबरीने चिखलात उतरायचा.

पेरणी तोंडावर आली आणि कालव्याचा बांध फुटला. पाणी गोदामात शिरलं. मक्याच्या बियाण्याची खालची थप्पी बुडाली, वरची थप्पी तिच्यावर कोसळली, आणि कुठलं पोतं किती भिजलं याचा पत्ता राहिला नाही. सगळ्यांनी मिळून बी ताडपत्र्यांवर पसरलं, उन्हात खालवर केलं, पुन्हा पोत्यांत भरलं. वरून सगळी पोती सारखीच दिसत होती. त्यातलं जिवंत किती आणि मेलेलं किती हे कळायला दाणे ओल्या कागदात गुंडाळून आठवडाभर ठेवावे लागणार होते. आठवडाभर थांबलं तर पेरणीची ओल निघून जाणार.

पोती लावताना सासूने सवयीने एकात कोपरापर्यंत हात घातला. "हे गार आहे," ती म्हणाली. "गेलं हे."

"कशावरून?" ट्रॅक्टरवाल्या मुलाने विचारलं.

"हाताला कळतं. जित्या बियाला ऊब असते. हे बघ, हे चांगलं आहे. हे गेलं. हेही गेलं."

मुलगा गमतीगमतीत तिच्यामागे खडू घेऊन फिरला आणि ती म्हणेल त्या पोत्यावर फुली मारत गेला. साहेबाने ते पाहिलं, तरी प्रत्येक पोत्यातले दाणे कागदात गुंडाळले. ओल जाईल तर जाऊ दे म्हणून पेरणी पुढे ढकलली. आठवड्याने कागद उघडले, तेव्हा फुलीच्या पोत्यांतले दाणे बुळबुळीत होऊन पडले होते. बाकीच्यांना पांढरे कोंब फुटले होते.

त्या दिवशी साहेब घरी आला. उंबऱ्याशीच उभा राहिला, चहाला नको म्हणाला आणि मग प्यायलाही.

"मावशी, तुमच्या हाताची परीक्षा घेऊ का?"

मुलगा फुशारून म्हणाला, "घ्या की! आईचा हात म्हणजे यंत्र आहे यंत्र."

"ओलसर बी हाताला गार लागतंच," साहेब म्हणाला. "तेवढंच असेल. किंवा वास असेल. किंवा नुसता योगायोग. म्हणून नीट करायचं. सगळं बी सारखं वाळवायचं. निम्मं भट्टीत तापवून मारायचं, मग थंड होऊ द्यायचं. आठ पिशव्या. चार मेलेल्या, चार जिवंत. कुठली कुठे ते कारकून चिठ्ठ्या टाकून ठरवणार. मलासुद्धा माहीत नसणार, नाहीतर माझ्या तोंडावरून तुम्ही ओळखाल."

सुनेला वाटलं, आता सासू याला झाडणार. साहेबलोकांच्या खेळात नाचायला ती काही माकड नव्हती. पण सासू शेगडीपाशी पाठमोरी बसून होती आणि तिने हळूच विचारलं, "परीक्षेत काय ठरणार?"

"आम्ही आधी असं धरून चालतो, की यात काही नाही. हाताला काही कळत नाही, जे जुळलं ते नशिबाने जुळलं. मग बघायचं, हे धरणं टिकतं का मोडतं."

"म्हणजे आधी मला खोटी धरणार."

"खोटी नाही हो मावशी–"

"धरा," सासू म्हणाली. "तसंच धरा. आणि साहेब, मोडू देऊ नका."

साहेब हसला. मुलगाही हसला. सून मात्र हसली नाही, कारण सासू वळली तेव्हा तिचा चेहरा तिला दिसला.

परीक्षेच्या आधीच गावात बातमी फुटली. एक बाई टोपलीत अंडी घेऊन आली, कुठल्यात पिल्लू आहे ते सांगा म्हणाली. एकाने गाभण शेळी ओढत आणली. सासूने सगळ्यांना वाटेला लावलं. मग एक म्हातारा होत आलेला माणूस हातगाडीवर आपल्या बापाला घेऊन आला. बाप कांबळ्यात गुंडाळलेला, तोंड उघडं, श्वास चालू. "नुसता हात लावा," तो म्हणाला. "किती दिवस थांबायचं ते तरी कळेल. माझं काम बुडतंय." त्याला आपण काही वावगं बोलतोय असं वाटतही नव्हतं. सासूने दार लावून घेतलं. तो बराच वेळ अंगणात उभा होता. हातगाडीचं एक चाक मधूनमधून करकरत होतं. आत सासू दोन्ही हात काखेत दाबून भिंतीला टेकून बसली होती.

परीक्षा केंद्राच्या तपासणी खोलीत झाली. लांब टेबल, त्यावर पांढरा कागद, कागदावर आठ कापडी पिशव्या. सगळ्या सारख्या वजनाच्या, सारख्या शिवलेल्या. पिशव्या मांडून कारकून बुटांची कुरकुर करत बाहेर गेला. साहेब खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. सुनेला दाराशी स्टूल दिलं होतं.

सासूने साबणाने हात धुतले, पुसले. पहिल्या पिशवीचं तोंड सोडून बोटं आत घातली. मग दुसरी. घाई नाही, बोलणं नाही. खोलीत दाण्यांची सळसळ तेवढी होत होती. तिसऱ्या पिशवीतून तिने हात पटकन बाहेर काढला. तिने ती बाजूला सरकवली. आणखी तीन सरकवल्या. मग हात कागदावर उपडे ठेवून म्हणाली, "या चार."

कारकून परत आला. त्याने चिठ्ठी उघडली, पिशव्यांच्या बुडाशी शिवलेले आकडे पाहिले, पुन्हा चिठ्ठी पाहिली.

"चारही बरोबर," तो म्हणाला आणि उगीचच एक पाऊल मागे सरला.

साहेबाचे डोळे चमकले. "हे बघा मावशी, ज्यांना काहीच कळत नाही अशी सत्तर माणसं इथे आणली, तरी त्यातलं एखादं नुसत्या नशिबाने चारही बरोबर काढेल. तेव्हा हे–" तो थांबला. "मावशी, तुम्हाला बरं वाटत नाही का?"

सासू टेबलाची कड धरून उभी होती. ओठ पांढरे पडले होते. आणि ती सुनेकडे पाहत होती. तोंडाकडे नाही, पोटाकडे.

त्या नजरेने सुनेला सगळं कळलं. त्या संध्याकाळी हाताला गार लागलं म्हणून संपलं म्हटलेलं तेल कळलं. आणि या फटकळ बाईने परीक्षेला मान का तुकवली तेही. तिला नापास व्हायचं होतं. आपल्या हाताला काही कळत नाही, हे तिला कुणा शिकलेल्या माणसाच्या तोंडून ऐकायचं होतं.

सुनेने दोन्ही हात पोटावर धरले. आत काहीतरी हललं की आपल्यालाच तसं वाटलं, तिला सांगता येईना. दोघी घरी निघाल्या. नवरा ट्रॅक्टरवरून ओरडला, "काय झालं?" सासू म्हणाली, "काही नाही. जुळलं."

त्यानंतर सून सत्तरातल्या त्या एकीला धरून बसली. सगळं केंद्र म्हणत होतं, म्हातारीच्या हातात काहीतरी आहे. सून तण उपटताना स्वतःशी म्हणायची, सत्तरात एकदा असंही होतं. का नाही होणार? कुणाचं तरी होतंच ना. मग दिवस मावळायचा, सासू पाय चोळायला बसायची, कंबरेपर्यंत यायची आणि उठायची. वरून दोघींचं बोलणं नेहमीसारखं होतं: मीठ संपलंय, दोरी तुटलीये, उद्या कुठला वाफा. मध्येच कधी सासूचं लक्ष सुनेच्या पोटाकडे जायचं आणि ती पटकन दुसरीकडे पाहायची, जसं दुसऱ्याच्या घरात कुणी रडत असलं की आपण पाहतो.

साहेबाने दुसऱ्यांदा परीक्षा ठेवली. एका परीक्षेवर विसंबायचं नसतं, म्हणाला. या वेळी बारा पिशव्या, सहा मेलेल्या, सहा जिवंत.

सासूने सगळं मागच्यासारखंच केलं. हात धुतले, पुसले, बोटं घातली. सहा पिशव्या बाजूला काढल्या. कारकुनाने चिठ्ठी उघडली. तीन बरोबर होत्या, तीन चूक.

"निम्म्याला निम्मं," साहेब म्हणाला. त्याचा आवाज पडला होता. "डोळे मिटून उचलल्या असत्या तरी बहुतेक एवढंच जुळलं असतं."

"म्हणजे हाताला काही कळत नाही," सासू म्हणाली.

"या खेपेला तरी तसं दिसलं नाही. दिसलं नाही म्हणजे नाहीच, असं मात्र म्हणता येत नाही."

"असं कसं? एकदा काय ते सांगा की!"

साहेब स्टूल ओढून बसला. "मावशी, आमच्या कामात दोन तऱ्हेने चुकता येतं. नसलेलं आहे म्हणायचं, किंवा असलेलं नाही म्हणायचं. एक चूक टाळायला गेलं की दुसरी वाढते. म्हणून आधी विचार करायचा, यातली कुठली चूक झाली तर जास्त महागात पडेल. मग त्या हिशेबाने चालायचं. बियाण्याच्या बाबतीत सोपं आहे. माणसाच्या बाबतीत–" आपण हे का बोललो हे त्याचं त्यालाच कळलं नसावं. तो उठला आणि पिशव्या गोळा करू लागला.

वाटेत सासूच्या तोंडाचा पट्टा सुटला. कारकुनाचे बूट, साहेबाचं सोललेलं नाक, कालव्यावरच्या पहारेकऱ्याची झोप. कितीतरी दिवसांत ती इतकी बोलली नव्हती. सून तिच्या मागून चालत होती.

"आई," ती म्हणाली, "तुम्ही मुद्दाम चुकलात का?"

सासू चालत राहिली. "मुद्दाम कशाला चुकू? लागला नाही हात. म्हातारी झाले मी."

"खरं सांगा."

"खरंच सांगते. साहेबाने नाही का सांगितलं, काही नाही म्हणून?"

"त्यांनी तसं नाही सांगितलं."

सासूने पाय उचलले. तिच्या पाठीवरून काही कळत नव्हतं आणि तोंड थांबत नव्हतं.

रात्रीच्या जेवणाला नवरा खुशीत होता. तो म्हणाला, बरं झालं, आता हातगाड्या यायच्या बंद होतील. सुनेने ताटातलं अर्धं तसंच ठेवलं. तिला आठवत होतं, आज सकाळपासून पोटात हालचाल नाही. की काल संध्याकाळपासूनच नाही? परवा होती. नक्की होती. होती का?

उजाडल्याबरोबर तिने नवऱ्याला उठवलं. "मला दवाखान्यात न्या."

"अगं, तारखेला अजून कितीतरी अवकाश आहे. आणि आज वाफ्यांना पाणी सोडायचंय. दुखतंय का?"

"नाही."

"मग? काल तर सगळं निकालात निघालं. आईच्या हाताला काही कळत नाही."

त्या तेलाच्या संध्याकाळचं त्याला किती ठाऊक होतं, ते सुनेने विचारलं नाही. "हे बघा," ती म्हणाली, "आपण गेलो आणि काही नसलं, तर तुमचा एक दिवस जाईल आणि लोक मला हसतील. नाही गेलो आणि काही असलं, तर काय जाईल ते सांगा. यातलं कुठलं परवडेल तुम्हाला?"

नवरा अंथरुणात उठून बसला. दारात सासू उभी होती. तिच्या हातात सुनेच्या कपड्यांचं गाठोडं बांधून तयार होतं.

"जा," ती म्हणाली. "पाण्याचं मी बघते."

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पोटावर यंत्र टेकवलं, सरकवलं, पुन्हा टेकवलं. त्यांचं बोलणं मध्येच थांबलं. सुनेला ते थांबणं ओळखीचं वाटलं. "ठोके आहेत," बाई म्हणाल्या, "पण फार सावकाश. आत्ताच्या आत्ता काढावं लागेल." मग धावपळ, चाकांचा पलंग, तोंडावर दिवा. पाठीत सुई खुपसल्यावर कमरेखालचं अंग आपलं राहिलं नाही. पडद्यापलीकडे कुणीतरी म्हणालं, "नाळ गळ्याभोवती आहे. दोन वेढे." सुनेला परिचारिकेच्या कोपराआडून काहीतरी निळसर दिसलं, ओल्या कापडासारखं लोंबणारं. परिचारिका ते चोळत होती, पालथं करत होती, तळव्यांवर टिचक्या मारत होती. सून मोजायचं नाही असं ठरवून छताकडे पाहत राहिली.

रडणं आलं ते मांजरीच्या पिल्लासारखं, चिरकं.

"मुलगी," परिचारिका म्हणाली. "बर्फासारखी गार होती हो. आता येतेय ऊब."

पोरीला आठवडाभर काचेच्या पेटीत ठेवलं. मग दोघी घरी आल्या. नवऱ्याने ट्रॅक्टर शेडच्या दारापासून घरापर्यंत तिला हातांवर नेलं, जशी काही ती सांडणार होती. सासू अंगणात उभी होती. तिने पोरीचं तोंड पाहिलं, कान पाहिले, ओरडून सगळ्या मजुरांना बोलावलं. आणि पोरीला घ्यायची वेळ आली तेव्हा म्हणाली, "माझे हात राखेचे आहेत."

ती सगळं करायची. दुपटी धुवायची, पाणी तापवायची, सुनेला आंघोळ घालायची. पोरीला उचलायचं झालं तर दुपट्याच्या दोन घड्या करून, त्यात हात लपवून उचलायची. उघडा तळहात त्या अंगाला लागू द्यायची नाही. पोर रडली तर दोरीने पाळणा हलवायची. सून पाहायची. पोरीचं वजन वाढत होतं, ती दूध ओढून प्यायची, मुठी आवळायची. तरी सून दिवसातून कितीदा तरी तिच्या नाकाशी बोट धरायची.

एकदा साहेब पोरीला पाहायला आला. जाताना चाचरत म्हणाला, "वरच्या कार्यालयाला अहवाल पाठवला होता. एक निकाल असा, एक तसा. ते म्हणतात, तिसऱ्यांदा घ्या. जरा मोठी."

सासूने मान फिरवली. सून म्हणाली, "नाही घ्यायची."

"तुम्हाला कळून घ्यायचं नाही का, खरं काय ते?"

"तुम्ही सांगितलंत ते माझ्या उपयोगी पडलं साहेब. पोर दिसतेय ना तुम्हाला? पण आईंचा हात आता टेबलावर ठेवायचा नाही."

साहेबाने पोरीकडे पाहिलं, मग म्हातारीच्या लपलेल्या हातांकडे. त्याला किती उमगलं कोण जाणे. "लिहून टाकतो, निष्कर्ष निघाला नाही म्हणून," तो म्हणाला. "तेच खरं आहे."

कापणी झाली. नंबरांच्या पाट्या लावून प्रत्येक वाफ्याची कणसं वेगवेगळ्या ताडपत्र्यांवर वाळत पडली होती. दुपारी आभाळ एकाएकी काळं झालं. वारा सुटला, ताडपत्र्यांची टोकं फडफडू लागली. एकाची कणसं दुसऱ्यात मिसळली असती तर सगळ्या हंगामाची मेहनत पाण्यात. नवरा हाका मारत धावला. सून पोरीला पाळण्यात ठेवून, दोरी सासूच्या हाती देऊन तशीच धावली. टाक्यांची जागा ओढली गेली तरी थांबली नाही. दोघांनी कोपरे दुमडले, दगड ठेवले, पोती फेकली. पाऊस आडवा मारत होता. घराकडून पोरीचं रडणं ऐकू येत होतं. आधी हट्टाचं, मग श्वास कोंडल्यासारखं.

मग ते थांबलं.

सून हातातला दगड टाकून पळत सुटली. चिखलात एकदा गुडघ्यावर पडली. दारातून आत आली तेव्हा पाळणा रिकामा होता, दुपटं खाली पडलेलं होतं.

सासू भिंतीला टेकून बसली होती. पोर तिच्या मांडीवर उघडी, आणि म्हातारीचा उजवा तळहात पोरीच्या छातीवर पूर्ण टेकलेला. पाचही बोटं पसरलेली. पोर हलत नव्हती. सासूचे डोळे मिटलेले होते आणि गालांवरून पाणी वाहत होतं.

सून चौकट धरून उभी राहिली.

पोरीने तोंड वेडंवाकडं केलं, शिंकली, आणि म्हातारीचा अंगठा मुठीत धरून पुन्हा झोपली.

सून भिजलेल्या कपड्यांनी समोर बसली. बाहेर पाऊस पत्र्यावर कोसळत होता. सासू डोळे न उघडता म्हणाली, "विचारू नकोस."

"नाही विचारत."

"ठेवलाय हात. आता काढणार नाही."

"नका काढू, आई," सून म्हणाली. तिने खाली पडलेलं दुपटं उचललं, झटकलं, आणि पोरीवर आणि त्या हातावर, दोन्हींवर मिळून घातलं.